अर्ध्या लेखावर शिकलेला उजवा बूट

मी बूट बोलतोय. माझे संपूर्ण नाव : उजवा, क्रमांक नऊ, राखाडी, धावण्याचा. वय दोन वर्षे दहा महिने. माणसांच्या गणतीत हे बालवय. आमच्या गणतीत मात्र या वयात नातवंडांनी पाया पडावे. माझ्या पाया कोणी पडत नाही, कारण मी स्वतःच पायात असतो. या वास्तवाशी मी उशिराच जुळवून घेतले.

माझा जन्म कारखान्यात झाला, शिक्षण खोक्यात. बुटाचा आकार बिघडू नये म्हणून त्याच्या पोटात कागदाचा बोळा कोंबतात. माझ्या पोटातला बोळा जुन्या छापील कागदाचा होता आणि त्यावर धावण्याविषयीचा एक लेख होता. दुकानाच्या फळीवर पाच महिने पडल्या पडल्या मी तो अक्षर अक्षर जुळवून वाचला. कोणी शिकवले नाही, कोणी शाबासकी दिली नाही. लेखात म्हटले होते : ‘धावण्याने हृदय बळकट होते. आठवड्यातून एकदा लांब अंतर धावावे. हे अंतर आठवड्यागणिक वाढवीत न्यावे. परंतु’ — आणि इथे कागद फाटला होता.

पुढचा भाग माझ्या जुळ्या भावाच्या, डाव्याच्या पोटात होता. त्याला विचारावे असे मला एकदाही वाटले नाही. ज्याचे शिक्षण ‘परंतु’पर्यंत झाले आहे, त्याने इतरांना काय विचारायचे?

मला विकत घेणारे गृहस्थ छापखान्यात मुद्रितशोधक होते. छपाईपूर्वी कागदावरच्या चुका शोधून दुरुस्त करणे, हा त्यांचा तीस वर्षांचा उद्योग. वय सत्तावन्न, चष्मा जाड, पाठीला बाक, आणि बसून बसून कमावलेले एक सुबक पोट. पहिली दोन वर्षे त्यांनी मला कामावर, बाजारात, एकदा तर रंगकाम करताना वापरले. धावण्याचा बूट म्हणून मला हा अपमान वाटे. माझा तळ मात्र त्या दोन वर्षांत गुपचूप झिजत होता, आणि स्वतःच्या तळाकडे पाहण्याची सोय बुटाला नसते.

मग मुलीचे बोलावणे आले. मुलगी दुसऱ्या शहरात राहते आणि लहानपणापासून धावते. शाळेतल्या तिच्या शर्यती नेमक्या पाठ्यपुस्तकांच्या छपाईच्या दिवसांत यायच्या. त्यामुळे मालकांनी तिची एकही शर्यत पाहिली नव्हती. हे मला मालकीणबाईंमुळे कळले. त्या घरी शिवणकाम करतात, आणि त्यांच्या यंत्राची धाव थांबली की त्यांचे बोलणे सुरू होते.

“बाबा,” मुलगी फोनवर म्हणाली, “तीन महिन्यांनी इकडे दहा किलोमीटरची धाव आहे. बघायला नका येऊ. माझ्याबरोबर पळायलाच या.”

“येतो,” मालक म्हणाले.

“नक्की?”

“शब्द देतो.”

“शब्द नकोत हो, तुमच्याकडे शब्द पोत्यानं आहेत. पाय आणा.”

तिने बारा रविवारांचा तक्ता पाठवला. मालकांनी तो सुवाच्य अक्षरात उतरवून कपाटाच्या दारावर चिकटवला. पहिल्या रविवारी तीन किलोमीटर, मग चार, मग पाच. चौथ्या रविवारी पुन्हा तीन. तिची सूचना होती की धावताना शेजारच्याशी पूर्ण वाक्य बोलता येईल इतक्याच वेगाने धावायचे. शेजारी कोणी नसल्यामुळे मालक स्वतःशीच बोलत. पहिल्या रविवारी कालव्याकाठच्या रस्त्यावर ते “आज हवा चांगली आहे” हे वाक्य निदान साठ वेळा म्हणाले असतील. समोरून येणारी एक बाई रस्ता ओलांडून पलीकडे गेली.

मला हा वेग असह्य होई. आमच्या पुढून म्हातारी कुत्री जात. चौथ्या रविवारी अंतर कमी झाले तेव्हा तर मी संतापलो. ‘वाढवीत न्यावे’ असे स्वच्छ छापलेले मी वाचले होते. इथे ‘कमी’ कुठून आले? मी डाव्याला म्हणालो, “ही मुलगी अशिक्षित दिसते.” डावा काही बोलला नाही. तो कधीच काही बोलत नसे. मी त्याला मंद समजत असे.

पाचव्या रविवारी पाच किलोमीटर झाले. मालक घरी आले ते विजयी मुद्रेने.

“अहो, पळत आलात की कोणी मागं लागलं होतं?” मालकीणबाईंनी विचारले.

“अगं, बिलकुल धाप नाही. बघ, बोलतोय ना?”

“बोलण्यात तुम्ही कधी थकलात?”

त्यानंतर छापखान्यात पाठ्यपुस्तके आली. सहावा आणि सातवा, असे दोन रविवार मालक कागदांच्या ढिगाऱ्यात बुडून राहिले. सहा आणि सात किलोमीटर राहून गेले. आठव्या रविवारासाठी तक्त्यात पाचच लिहिले होते. तोही विसाव्याचा आठवडा.

दुसरा कोणी असता तर खांदे उडवून पाच धावला असता. पण हे मुद्रितशोधक. पानावर काही गाळलेले दिसले की त्यांचा हात शिवशिवतो. शनिवारी ते लाल पेन घेऊन तक्त्यासमोर उभे राहिले. आठव्या रविवारच्या पाचाशेजारी त्यांनी काकपदाची खूण काढली — गाळलेला मजकूर आत घ्यायचा असला की ओळीत जी छोटी टोकदार खूण करतात, ती — आणि समासात लिहिले, ‘अधिक ६’. मग सोमवारी सुट्टी होती, तिथे दुसरे काकपद काढून सात किलोमीटर आत घेतले. दोन पावले मागे सरून त्यांनी समाधानाने पाहिले. पान पूर्ण झाले होते.

मीही टाळ्या वाजवल्या असत्या. ‘वाढवीत न्यावे’ याचा खरा अर्थ समजणारा माणूस मला अखेर भेटला, असे मला वाटले.

त्या रविवारी आम्ही अकरा किलोमीटर धावलो. सहाव्यानंतर मालकांची वाक्ये आखूड झाली, सातव्यानंतर नुसते शब्द उरले, आठव्याला उजव्या टाचेत कळ आली. माझ्याच टाचेत! मी ताबडतोब निष्कर्ष काढला की चूक डाव्याची आहे. तो आपला भार नीट उचलत नसणार. मालक थांबले नाहीत. वाक्य अर्धवट सोडायची त्यांना सवय नव्हती.

सोमवारी सकाळी त्यांनी पलंगावरून पाय खाली ठेवला आणि कपाट धरले. टाचेत कोणी खिळा ठोकावा तसे झाले होते. सात किलोमीटरचे काकपद त्यांच्या नाकासमोर होते.

व्यायामोपचार करणाऱ्या बाईंनी टाचेवर अंगठा दाबला. मालक कण्हले.

“एका दिवसात किती पळालात?”

“अकरा.”

“त्याआधी जास्तीत जास्त?”

“पाच. पण मधले दोन रविवार राहिले होते, ते भरून...”

“भरून?” बाई हसू आवरत म्हणाल्या. “काका, राहिलेली धाव राहू द्यायची. फार दिवस खंड पडला तर तक्त्यात उलट मागं यायचं. शरीराला तुमचं गाळलेलं दिसत नाही, त्याला फक्त आजचं ओझं कळतं. आणि हे बूट केव्हाचे?”

त्यांनी मला उचलले आणि उताणे केले. परक्या माणसादेखत मला कोणी उताणे केले नव्हते. टाचेकडची जाळीदार नक्षी पुसून तिथे गुळगुळीत खड्डा पडला होता.

“याच्यात काही जीव उरलेला नाही,” बाई म्हणाल्या. “दोन आठवडे पळणं बंद. लांब पळायचं तर नवीन बूट घ्या. यांना फिरायला ठेवा.”

घरी परतल्यावर मी आयुष्यात प्रथमच डाव्याला विचारले, “तुझ्या पोटातल्या कागदावर काय लिहिले होते रे?” तो शांतपणे म्हणाला, “दर तीन-चार आठवड्यांनी हे अंतर कमी करावे, राहून गेलेले अंतर पुढच्या धावेत मिळवू नये, आणि झिजलेले बूट वेळीच बदलावेत.”

“मग इतके दिवस सांगितले का नाहीस?”

“तू विचारले नाहीस, दादा.”

इकडे मालकांनी मुलीला काहीच सांगितले नव्हते. पुढच्या रविवारी तिचा फोन आला तेव्हा ते उजवा पाय वर धरून उभे होते. “सगळं तक्त्याप्रमाणे चाललंय,” असे त्यांनी ठासून सांगितले.

फोन ठेवल्यावर शिवणयंत्र थांबले. “खोटं बोलायचं तर निदान दोन्ही पायांवर उभं राहून बोला,” मालकीणबाई म्हणाल्या. “आणि ऐनवेळी काय सांगणार? छापखान्यात काम निघालं? तेवढं तिला पाठ आहे.”

मालक पलंगावर बसून राहिले. दोन दिवस त्यांनी फोन हातात घेतला आणि खाली ठेवला. तिसऱ्या दिवशी लावला.

“टाच दुखावली. माझ्याच चुकीनं. नऊ दिवस झाले.”

“परवा तर म्हणालात, सगळं तक्त्याप्रमाणे.”

“ते खोटं होतं.”

“म्हणजे याही वेळी येणार नाही.”

“येणार आहे. पण दहा जमणार नाहीत. दुखलं नाही तर पाच, तेही पळत-चालत. बाईंनी तेवढीच परवानगी दिलीय. तू तुझे दहा पळ, मी कडेला...”

“बाबा, दहा मी एकटी कधीही पळते. मला दहा नकोयत, तुम्ही हवे आहात. मी माझं नाव पाचमध्ये घालते.”

“तुझं नुकसान कशाला?”

“बाबा.”

त्या एका शब्दात दुरुस्तीला जागा नव्हती.

नवीन जोडी आली : निळी, अल्पशिक्षित, पण तळ भक्कम. दोन आठवड्यांनी मालक तिच्यात एक मिनिट धावत आणि दोन मिनिटे चालत. तक्त्यावरचे राहिलेले रविवार तसेच कोरे राहिले. त्यांच्यासमोरून जाताना मालकांचा हात अजूनही शिवशिवे. मी पाहिले आहे.

धावेच्या दिवशी, मुलीच्या शहरात, ते मैदानापर्यंत आम्हाला घालून गेले आणि तिथे नवे बूट चढवले. आम्ही मालकीणबाईंच्या पिशवीत गेलो. पिशवीची चेन नीट लागत नसे, म्हणून मला शेवटची रेषा दिसली. माणसे आली, आणखी आली, मग विरळ झाली. एक बाबागाडी ढकलणारा तरुणही येऊन गेला. मग बापलेक आले, चालत. रेषा दिसल्यावर धावू लागले. मालक लंगडत नव्हते. त्यांच्यामागे फक्त झाडूवाल्यांची गाडी होती.

“बसा, बसा,” मालकीणबाई म्हणाल्या. “टाच?”

“आहे,” मालक म्हणाले. बाकी त्यांना बोलता येईना, आणि ते धापेमुळे नव्हते.

मुलगी आईच्या कानाशी वाकली. “आई, बाबांनी वाटेत काय विचारलं माहितीय? शाळेत माझा नंबर कितवा यायचा.”

“मग?”

“पहिलीपासूनच्या सगळ्या शर्यती सांगितल्या. दहावीपर्यंत पोचलेच नाही, पाच किलोमीटर संपले.”

हल्ली आम्ही दोघे भाऊ गच्चीच्या दाराशी असतो. कुंड्यांना पाणी घालताना मालक आम्हाला पायात सरकवतात. चिखल लागतो, वाचायला नवे काही मिळत नाही. वाचकहो, तुमच्या घरीही आमचा एखादा भाऊबंद असेल, तर त्याला एकदा उताणा करून पाहा. तो स्वतःहून सांगणार नाही. आम्ही गर्विष्ठ असतो.

पूर्वी मुलीचा फोन बहुधा आईच्या फोनवर येई आणि मालकांच्या वाट्याला शेवटची दोन मिनिटे येत. आता रविवारी सकाळी तो थेट मालकांना येतो. ती तिकडे धावायला निघते, ते इकडे.