आईची पाठ

रोज सकाळी दुकानाला निघताना थोरला आईच्या खोलीच्या दाराशी थांबून "येतो गं" म्हणे आणि वळे. आत पाऊल टाकत नसे, वास येई. तरी त्याची ख्याती मातृभक्त म्हणूनच. "तिला काही कमी पडू देत नाही," असं तो आल्यागेल्याला डोळे टिपत सांगे. लकव्यानं अंथरुणाला खिळलेल्या त्या विधवेला मिळे पातळ चहा आणि त्यात भिजवलेलं बिस्कीट. जास्त खाल्लं तर जास्त घाण काढावी लागेल, एवढी अक्कल या सभ्य घराला होती. सून तेवढं अत्तर मात्र सढळ हातानं फवारी.

धाकटी माहेरी आली. चादर बदलायला तिनं आईला कुशीवर घेतलं. माकडहाडावर मूठ मावेल एवढी जखम. कडेला काळी पडलेली कातडी, आत पू.

"दादा, हे काय?"

"वय झालंय. व्हायचंच."

"वयानं पाठ सडत नाही. दिवसरात्र उताणं टाकून दिलं की सडते!"

"चार दिवस आलीयेस, सुखानं राहा. उगाच डोकं खाऊ नकोस."

तिनं डॉक्टरांना बोलावलं. त्यांनी मेलेली कातडी काढली, जखम धुऊन ड्रेसिंग केलं. म्हणाले, "पट्टी रोज बदला, कूस दर दोन तासांनी. आणि दूध, अंडी, पोटभर जेवण द्या. अंगात काही नसेल तर मांस भरणार कशानं?"

"अंडी?" वहिनी किंचाळली. "मग निस्तरणार कोण?"

"मी," धाकटी म्हणाली.

तेवढ्यात भेटायला नातेवाईक आले. थोरल्यानं रुमाल काढला. धाकटी म्हणाली, "रडू नकोस दादा. काका, मावशी, आत चला. काय काय कमी पडलं नाही ते बघून घ्या."

कुणी उठलं नाही. काकांना अचानक काम आठवलं. चहा मात्र सगळ्यांनी संपवला.

त्याच संध्याकाळी तिनं आईला आपल्या दोन खोल्यांच्या घरी नेलं. नवरा-बायको पाळीपाळीनं कूस बदलत, घासघास भरवत. जखम हळूहळू लाल झाली, मग आक्रसू लागली. बरेच महिने गेले, पण भरली.

लोक बोलायला लागले तेव्हा थोरला फळं घेऊन आला. आईनं त्याच्याकडे पाहिलं. जड जिभेनं, एकेक शब्द जुळवत तिनं विचारलं, "जेवलास का रे?"

त्या मातृभक्तानं फळं दाराशीच ठेवली आणि "येतो गं" म्हणून तो वळला.

वाचकहो, तुमच्या घरी कुणी पडून आहे? मग हा अंक खाली ठेवा आणि आधी त्यांची पाठ बघून या.