विमानाला नारळ नाही

देवमन वानखडेंच्या रागाची ख्याती जुन्या शहरातून मोर्णा नदी ओलांडून थेट जठारपेठेपर्यंत पोचली होती. त्यांच्या दारापुढून जाताना रिक्षावाले हॉर्न वाजवत नसत आणि गॅसवाला सिलिंडर आपटत नसे. एवढा राग बाळगणारा माणूस बहुधा काही कामाचा नसतो, पण देवमन कामाचे होते. फ्लाइंग क्लबात झाडू मारायला लागलेले, परीक्षा देत देत विमानाचे परवानाधारक मेकॅनिक झाले. आज सदुसष्टाव्या वर्षीही त्यांची सही झाल्याशिवाय एक विमान जमीन सोडत नव्हतं. ते विमान अर्धं त्यांचंच होतं.

उरलेलं अर्धं भगवंतराव टाल्यांचं. भगवंतराव चांदूर बाजारकडचे संत्र्याचे बागायतदार, राहायला जठारपेठेत. क्लब बंद पडला तेव्हा लिलावात निघालेलं जुनं पुष्पक दोघांनी मिळून घेतलं. दोन माणसांचं, कापडी पंखांचं, लाकडी प्रोपेलरचं विमान. उडवायचा परवाना भगवंतरावांकडे, दुरुस्तीचा देवमनकडे. कोणता अर्धा कोणाचा हे कधी ठरलं नाही, पण लोक म्हणत, इंजिनाकडचा देवमनचा आणि शिटाकडचा भगवंतरावांचा. छत्तीस वर्षं ते असंच निभलं. कापड जीर्ण झालं की देवमन नवं ताणून फासळीफासळीला सुईदोऱ्याने शिवत, वरून लेपावर लेप चढवत. एखादा भाग मिळेनासा झाला की भगवंतराव तो कुठूनतरी पैदा करत, आणि चुकीचा आणला म्हणून देवमनची बोलणी खात.

भागीदारीला एकच अट होती. पहिल्याच वर्षी भगवंतरावांच्या वडिलांनी प्रोपेलरवर फोडायला नारळ आणला होता, तो देवमननी शेडच्या दाराशीच अडवला.

"हे लाकूड अखंड नाही, बाबूजी. पातळ पातळ फळ्या चिकटवल्या हायेत. ठोका बसला त आतून उकलते अन् वरून दिसत नाही. अन् दुसरं म्हंजे, ज्याच्यावर माही सही हाये त्याले नारळाचा भरवसा लागत नाही."

म्हातारबा नाराज झाले, पण भगवंतरावांनी शब्द दिला. विमानाला नारळ नाही. वऱ्हाडात दसऱ्याला सायकलीपासून ट्रॅक्टरपर्यंत सगळ्यांना हार पडतो, या एका वाहनाला मात्र नाही. देवमन त्या दिवशी दरवर्षी नागपूरला दीक्षाभूमीवर असत. शेडची चावी भगवंतरावांकडे असे, आणि त्या चावीची काळजी देवमनना कधी वाटली नव्हती.

यंदाची गोष्ट वेगळी होती. भगवंतरावांच्या उड्डाणासाठीच्या वैद्यकीय दाखल्याची मुदत येत्या शुक्रवारी संपत होती, आणि डॉक्टरांनी हृदयाचा कागद बघून स्पष्टच सांगितलं होतं की पुढचा दाखला मिळणार नाही. म्हणजे हा रविवार शेवटचा. बायको जमुनाबाई छत्तीस वर्षांत एकदाही विमानात बसल्या नव्हत्या. कापडाच्या गाडीत मी बसत नसतो, असं त्या म्हणत. यंदा त्या अचानक हो म्हणाल्या. शेडसमोरच्या शिवणीच्या धावपट्टीवरून उडायचं, चांदूर बाजारला जाऊन बागेवर एक घिरटी घालायची आणि अमरावतीला बेलोऱ्याच्या विमानतळावर उतरायचं, असं ठरलं. भगवंतराव नव्या नवरदेवासारखे हरखले होते. त्यांचा तो आनंद बघून देवमनसुद्धा दोन दिवस कोणावर ओरडले नाहीत.

दसऱ्यानंतर लगेच देवमनचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं. चोवीस दिवस त्यांनी शेडचं तोंड पाहिलं नव्हतं. रविवारी सकाळी ते आले आणि सवयीप्रमाणे नाकापासून तपासायला लागले. प्रोपेलरच्या मधल्या जाड गाभ्यावर त्यांनी अंगठ्याचं नख फिरवलं. नख अडकलं. तिथे नव्या वॉर्निशचा वास होता. त्यांनी चष्मा लावून पाहिलं, तर वॉर्निशच्या आत कुंकवाचा एक कण चिकटून बसला होता. चाकूच्या टोकाने वॉर्निश खरवडलं, तशी खाली केसाएवढी रेघ दिसली. गाभ्यापासून पात्याकडे दोन बोटं लांब.

भगवंतराव पलीकडे तेल बघत होते.

"नारळ कोनं फोडला?" देवमननी विचारलं.

भगवंतरावांनी तेलाची काडी पुसायला घेतली आणि नुसतीच पुसत राहिले. "तुह्या वहिनीची अट होती. दसऱ्याले नारळ फोडला तरच बसतो म्हनली. मी हळूच आपटनार होतो, पन फुटेच ना. मंग जरा जोरात लागला."

"अन् वॉर्निश?"

"ते मीच लावलं."

देवमनच्या डोक्यात जे पेटलं ते नारळामुळे पेटलं नाही. नारळ फोडणारी माणसं त्यांनी जन्मभर पाहिली होती. त्यांना दिसला तो दवाखाना, आणि मग घरची खाट. डोळ्याला पट्टी बांधून ते पडले होते आणि हा माणूस रोज संध्याकाळी येऊन संत्री सोलून फोड न् फोड त्यांच्या हातावर ठेवत होता. विमान कसं आहे, असं देवमन रोज विचारत. एकदम टकाटक, असं तो रोज सांगे. आंधळ्याच्या हातावर संत्र्याची फोड ठेवायची आणि त्याच तोंडाने खोटं बोलायचं. देवमनच्या कानशिलाच्या शिरा ताठ झाल्या.

"चोवीस दिवस तू माह्या खाटेपाशी बसला," ते म्हणाले. छत्तीस वर्षांत त्यांनी भगवंतरावांना 'तू' म्हटलं नव्हतं. "चोवीस दिवस. एका दिवशीबी तुह्या तोंडातून निंगालं नाही?"

"रेघ वरवरची हाये, देवमन. लाकडाले काई झालं नाही."

"तुले काय माहीत?"

"मले वाटते तसं."

"वाटते. वर गेल्यावर पातं उडालं त इंजिन जाग्यावर राहत नाही, हे माहीत हाये ना तुले? का तेबी नुसतं वाटते? वहिनीले बाजूले बसवून वाटून घेनार हायेस काय?"

"मंग तू तपास ना. आत्ताच्या आत्ता तपास."

"इथं कशानं तपासू, कपायाले लावून? चिरल्याबिगर आतलं दिसत नाही, अन् चिरल्यावर प्रोपेलर राहत नाही."

भगवंतरावांनी काडी परत घातली. त्यांचाही आवाज चढला होता. "शुक्रवारी माहा कागद संपते. मंग मी हे विमान फक्त धुवाचं काय? तुही सही नसन त नसो. तासाभराचं उडनं हाये. मी जमुनाले घेऊन येतो अन् तसाच उडतो. पाहू कोन अडवते."

गाडी धूळ उडवत गेली. देवमन शेडमध्ये एकटे उरले, आणि त्यांचा राग काही कमी होईना. हा माणूस उडणार, यात त्यांना शंका नव्हती. विमानाला किल्ली नव्हती, प्रोपेलर हाताने फिरवला की इंजिन सुरू होई. प्रोपेलर उतरवून बोल्ट लपवावेत तर हा दुसरे शोधून लावील, आणि घाईत लावील. पेट्रोल काढून टाकावं तर त्याच्या घरी दोन कॅन भरून ठेवलेले. देवमननी पाना घेतला, सहाही बोल्ट काढले, प्रोपेलर उतरवून बाकावर आडवा ठेवला आणि खुंटीवरची करवत घेतली. इंजिनाकडचा अर्धा माझा आहे, ते स्वतःशीच पण मोठ्याने म्हणाले. मग रेघेवरच आडवी करवत धरली.

लाकूड जुनं आणि चिवट होतं. याच प्रोपेलरला त्यांनी दरवर्षी घासून वॉर्निश केलं होतं, दोन्ही पाती हाताने तोलली होती, पावसाळ्यात शेड गळे तेव्हा स्वतःच्या घरातली सतरंजी आणून त्यावर घातली होती. प्रत्येक ओढीला त्यांना भगवंतरावांचा जास्तच संताप येत होता. हे त्याने करायला लावलं, त्याने, असं म्हणत ते करवत ओढत राहिले. ऑपरेशनच्या डोळ्यातून पाणी येत होतं, ते बाहीने पुसायलाही थांबले नाहीत.

गाडी परत आली तेव्हा पाऊण लाकूड चिरून झालं होतं. भगवंतराव दारातच थिजले. त्यांच्या मागे जमुनाबाई होत्या, हिरव्या लुगड्यात, कानाला रुमाल बांधलेल्या, हातात डब्याची पिशवी.

"देवमन," भगवंतराव एवढंच म्हणाले.

देवमन थांबले नाहीत. पातं सुटून फरशीवर पडलं. त्यांनी ते उचललं, चिरलेली बाजू उजेडाकडे धरली आणि भगवंतरावांना दाखवायला म्हणून तोंड उघडलं. पण दाखवण्यासारखं काही नव्हतं. फळ्या एकमेकींना घट्ट चिकटलेल्या होत्या. रेघ वॉर्निशखाली जेमतेम कागदाएवढी खोल गेली होती. तिच्याखालचं लाकूड बदामी, कोरडं आणि धड होतं.

त्यांनी गाभ्याकडची बाजूही पाहिली. तीही धड होती.

भगवंतराव जवळ आले, त्यांनी चिरेवरून बोट फिरवलं. "चांगला होता," ते म्हणाले. "चांगला होता, देवमन."

"हो," देवमन म्हणाले. त्यांचा राग दुप्पट उसळला. "आता माहीत झालं. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सांगितलं असतं त मी पट्टी बांधून आलो असतो. प्रोपेलर तपासाले पाठवला असता. तिथं यंत्रानं आतलं पाहतात, चिरा लागत नाही. पंधरा दिवसांत वापस आला असता. आज वहिनी वर असत्या. चोवीस दिवस होते आपल्याकडे, भगवंतराव, अन् तुमी ते वॉर्निशखाली घातले. काहून? एक शब्द सांगाले काय झालं होतं तुमाले?"

उत्तर जमुनाबाईंनी दिलं. त्यांनी कानाचा रुमाल सोडून पिशवीत ठेवला होता.

"मी रोज ह्यायले म्हनत होतो, सांगून टाका. रोज हे सांगाचं ठरवून घरून निंगत, अन् तसेच वापस येत. मले म्हनत, आज नको, आज त्याचा मूड ठीक नाही. आता राग येऊ देऊ नका, देवमनभाऊ, पन तुमचा मूड कवा ठीक असते, ते तुमीच सांगा."

हे साफ खोटं आहे, असं देवमनना सांगायचं होतं. माझ्या रागामुळेच हे विमान छत्तीस वर्षं पडलं नाही, असंही सांगायचं होतं. ते पातं हातात घेऊनच गर्रकन भगवंतरावांकडे वळले, तसे भगवंतराव एक पाऊल मागे सरकले. सत्तरीचा, बागायतीचा धनी असलेला, ढगात शिरायला न भिणारा माणूस, मान थोडी खाली घालून, सवयीने मागे सरकला. हे पाऊल त्याने आज पहिल्यांदा टाकलं नव्हतं. देवमननी ते आज पहिल्यांदा पाहिलं.