भर उन्हाळ्यात दोन स्वेटर

माझ्या सुनेला एक वाईट खोड लागली आहे. माझी पाठ वळली की खिडकी उघडायची, पंखा वाढवायचा आणि मग जवळ येऊन मधाळ आवाजात विचारायचं, "आई, गार लागतंय का?" आता जिने गार केलं तिनेच विचारावं, याला काय म्हणायचं? खिडकी उघडताना मी तिला पाहिलं नाही, हे खरं. पण असली कामं कोणी सासूला समोर खुर्ची देऊन करतं का?

आमचा कारखाना म्हणजे घराचा खालचा मजला. शाळांचे गणवेश शिवतो, जास्त करून कोट. तीन मशीनं, एक इस्त्रीचं टेबल, आणि मधोमध बारा फुटांचं कापड बेतायचं टेबल. ते टेबल माझं. एकतीस वर्षं त्यावर माझ्याशिवाय कोणी कात्री चालवली नाही. मी शाळेत चार वर्षं गेले आणि त्यातलं एक वर्ष तापात गेलं, पण पोर दारातून आत आलं की त्याच्या खांद्याचं माप मी नुसतं बघून सांगते. मास्तर टेप लावून खात्री करतात आणि गप्प बसतात. मास्तर म्हणजे आमचे जुने शिलाईवाले, मशीनवर बसून केस पांढरे केले त्यांनी.

तर या टेबलापाशी उभं राहणं मला जमेना, कारण गुडघे. एकशे बारा किलो वजन दोन गुडघ्यांनी किती दिवस वाहायचं? सुनेने कुठून तरी डॉक्टर शोधला. तो म्हणाला, पोटाची पिशवी कापून केळ्याएवढी करू, खाणंच कमी जाईल, वजन आपोआप उतरेल. मुलगा घाबरला. तो माझ्यावर गेलेला नाही. सून मात्र ठाम. "आई, तुम्हाला टेबलापाशी उभं राहायचंय ना? मग करून टाका." मी करून टाकलं. सात महिन्यांत त्र्याहत्तरवर आले. गुडघे बोलायचे थांबले. रस्त्यात ओळखीच्या बायका ओळख दाखवेनाशा झाल्या, मग मीच त्यांना हाक मारून लाजवलं.

पण तिसऱ्या महिन्यापासून थंडी वाजायला लागली.

थंडी म्हणजे अशी तशी नाही. बाहेर डांबर मऊ पडलेलं, मास्तर बनियनवर बसलेले, काजं-बटणं करणारी आमची काजवाली दर पाच मिनिटांनी पदराने मान पुसतेय, आणि मी दोन स्वेटर, लोकरीचे मोजे घालून कात्री हातात धरते तर कात्री बर्फाची लागते. नखं जांभळट. खुर्चीवर बसले तर खुर्ची गार. आधी मला डॉक्टरचाच संशय आला. पोट शिवताना आत काहीतरी विसरला असेल. मी स्वतः एकदा एका कोटाच्या अस्तरात टाचणी विसरले आहे, त्यामुळे असं होतं हे मला माहीत आहे. पण फोटो काढला, आत काही नव्हतं. मग माझा संशय घरात शिरला.

शिरला तो असा. ऑपरेशननंतर दीड महिना मी वरच्या खोलीत पडून होते. त्या दीड महिन्यात माझ्या टेबलावर सुनेने बेतलं. मी खाली आले त्या दिवशी कात्री माझ्या खिळ्यावर नव्हती, तिच्या खिळ्यावर होती. तिच्यासाठी वेगळा खिळा ठोकला होता! मी कात्री उचलून माझ्या खिळ्यावर लावली. पण त्या दिवसापासून मी डोळे उघडे ठेवले आणि डोळे उघडे ठेवल्यावर काय काय दिसायला लागलं विचारू नका. सून फोनवर बोलताना मी जवळ गेले की आवाज उतरवते. कापडाचा तागा पूर्वी सव्वीस कोटांना पुरायचा, तो बावीसलाच संपतो. चार कोटांचं कापड जातं कुठे? आणि मी जेवून खाली आले की टेबल पुसलेलं, लख्ख. पूर्वी माझ्यामागे कोणी टेबल पुसत नसे.

आणि त्या गोळ्या. महिन्यापूर्वी रक्त तपासलं. डॉक्टर सुनेशीच बोलला, मला बाहेर बसवलं. घरी आल्यावर तिने रोज एक गोळी माझ्या हातावर ठेवायला सुरुवात केली. "रक्त कमी आहे आई, त्यानेही थंडी वाजते." मी तीन दिवस घेतली. चौथ्या दिवशी सकाळी... आता सांगते तर सगळंच सांगते, संडासात सगळं काळं झालं. कोळशासारखं. माझ्या उभ्या आयुष्यात असं झालेलं नाही. मी तिथेच ठरवलं, ही गोळी नाही घ्यायची. जिभेखाली धरायची, सून गेली की थुंकायची आणि चिंधीत बांधून ठेवायची. ती पुरचुंडी मी कात्रणांच्या पोत्यात खोल दडवली. त्या पोत्यात हात घालायला कोण येतंय?

म्हणजे बघा कसं जुळत होतं. खिडकीने आणि पंख्याने मला गार करायचं, गोळीने आतून पोखरायचं, मी थकून वर जाऊन पडायचं आणि टेबल हिचं. मी काजवालीला नुसतं चाचपून पाहिलं. "काय गं, हल्ली इथे वारा फार येतो, नाही?"

"वारा?" ती डोळे मोठे करून म्हणाली. "मावशी, वारा येत असेल तर थोडा माझ्याकडेही पाठवा. मी इथे वाफाळतेय."

तीही सामील असावी.

मग मी पुरावा गोळा करायचं ठरवलं. शिंप्याच्या घरात पुराव्याला खडू पुरतो. गेल्या मंगळवारी सकाळी, कोणी खाली यायच्या आधी, मी खिडकीच्या कडीवर पांढरा खडू चोळला. बोट लागलं तर पुसलं जाणार. पंख्याच्या बटणावर जिथे तीनचा आकडा येतो तिथे बारीक रेघ मारली. खडू हातात होताच, म्हणून त्या दिवशी मी जे कोटांचे पुढचे भाग बेतले, त्या गठ्ठ्यातल्या सर्वांत खालच्या तुकड्यावर आतल्या बाजूने एक फुली केली. कापड जातं कुठे तेही कळू दे.

दुपारी मी वर जेवायला गेले. माझं जेवण म्हणजे हल्ली लहान वाटीभर, पण ते पाऊण तास चावत बसावं लागतं, नाहीतर पोट उलटून देतं. पाऊण तास तिचा, असं मनाशी म्हणत मी एकेक घास मोजला. आणि खाली आले.

कडीवरचा खडू जसाच्या तसा. कोणी खिडकीला हात लावला नव्हता.

पंख्याची रेघ सरकली होती. पण वर नाही, खाली. पंखा तीनवरून एकवर आणला होता. मी वर पाहिलं. पाती एकेक मोजता येत होती. मास्तरांच्या पाठीला बनियन चिकटलं होतं आणि त्यांच्या कपाळावरून घाम मशीनवर टपकत होता, तरी ते पंख्याकडे बघत नव्हते.

मला आनंद व्हायला हवा होता. खरं सांगते, मी पुन्हा जाऊन खिडकीची कडी न्याहाळली. मला कोणी गार करत असेल तर त्याचा हात धरता येतो, चार शब्द सुनावता येतात. कोणीच करत नसेल, तर ही थंडी माझ्याच आतली. तिला काय सुनावणार?

पण अजून फुली बाकी होती. मी मास्तरांच्या मशीनपाशी गेले, माझा गठ्ठा उचलला आणि खालचा तुकडा उलटला. फुली नाही. सगळे तुकडे उलटेपालटे केले. कुठेच नाही.

"मास्तर, हा माझा गठ्ठा?"

मास्तरांनी मशीनचं चाक हाताने धरलं. "बाई, मला जे देतात ते मी शिवतो."

एकतीस वर्षांत मास्तरांनी मला असं गोल उत्तर दिलं नव्हतं. मी सरळ कात्रणांच्या पोत्याकडे गेले आणि ते टेबलावर उपडं केलं. सून इस्त्रीपाशी होती, ती जागच्या जागी थांबली. कात्रणांतून एक, दोन, तीन, करता करता अकरा कोटांचे पुढचे भाग निघाले. अकराव्यावर माझी फुली.

"हे बघा!" मी ओरडले. "माझं काम पोत्यात! स्वतःचं माझ्या नावाने मशीनवर! चार कोटांचं कापड कुठे जातं ते बघा सगळ्यांनी!"

सुनेने टेप आणून टेबलावर ठेवला आणि ती बाजूला झाली. तिचं ते बाजूला होणं मला जास्त झोंबलं. मी वरचा तुकडा ओढला आणि मुंढा मोजला, म्हणजे बाही जिथे बसते ती गोलाई. पाऊण इंच कमी. टेप उलटा धरला असेल म्हणून पुन्हा मोजला. पाऊण इंच. दुसरा तुकडा. दुसरा तर बोटाने चाचपूनच कळला, कड करवतीसारखी गेली होती. ज्या पोराच्या अंगावर हा कोट गेला असता त्याला हात वर करता आला नसता. गार, आखडलेल्या बोटांनी कात्री कुठे वळते ते मला कळत नव्हतं आणि मी शपथेवर सांगितलं असतं की रेघेवरच चाललीय.

मग दुसरीच गोष्ट माझ्या लक्षात आली. पोतं रिकामं झालं होतं, आणि माझी पुरचुंडी त्यात नव्हती.

मी सुनेकडे पाहिलं. तिने टेबलाचा खण ओढला आणि पुरचुंडी माझ्यासमोर ठेवली. गाठ मी मारते तशीच पुन्हा मारलेली होती.

"एकोणीस आहेत," ती म्हणाली. "दोन आठवड्यांपूर्वी सापडली. तेव्हा कमी होत्या. मी पुन्हा तिथेच ठेवायचे. आज काढली."

"मग बोलली का नाहीस?"

"बोलले असते तर तुम्ही म्हणाला असता, पाळत ठेवते."

"ठेवतेसच!"

"ठेवते," ती म्हणाली. "फोनवर डॉक्टरांशी तेच बोलते. अंगावरची चरबी गेली म्हणजे पांघरूण गेलं, खाणं एवढंसं, त्यात रक्त कमी, मग ऊब येणार कुठून, असं ते म्हणाले. गोळ्या बंद केल्यात तर वाढतच जाईल म्हणाले."

"आणि ते काळं होतं ते?"

तिचे कान लाल झाले. "ते होतं त्या गोळ्यांनी. लोह असतं त्यात. डॉक्टरांनी मला सांगितलं होतं. पण आई, मी तुमच्यासमोर उभं राहून ते कोणत्या तोंडाने सांगणार होते?"

काजवाली फस्सकन हसली आणि तोंडात पदर कोंबला. मास्तर हातात सुई नसतानाच दोरा ओवायला लागले.

"आणि हे?" मी कोटांचे तुकडे तिच्याकडे सरकवले. "हे कोणत्या तोंडाने लपवलंस?"

"तुम्ही या टेबलासाठी पोट कापून घेतलंत," ती हळू म्हणाली. "आणि मी तुम्हाला म्हणणार होते का, की तुमचा हात बसत नाहीये? मला वाटलं, आज ना उद्या गोळ्या घ्यायला लागाल, मग हात येईल. तोवर मी दुपारी बेतून ठेवते, कोणाला कळणार नाही."

मशीनं बंद होती. सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते. मी कात्री उचलली. ती तशीच बर्फाची होती. दोन्ही स्वेटरच्या बाह्या ओढून मी तिला बाहीत गुंडाळून धरली, थोडी ऊब लागेपर्यंत, आणि मग सुनेच्या हातात दिली.

"सरळ उभी राहा आणि ऐक," मी म्हणाले. "खिडकीतून तू सुटलीस. पंख्यातूनही सुटलीस. गोळ्या मी घेईन, काळं होवो नाहीतर निळं, आणि पुढच्या वेळी डॉक्टर जे सांगेल ते सगळं मला सांगायचं, लाज वाटली तर भिंतीकडे तोंड करून सांग. पण माझं चुकलेलं माप तू माझ्यापासून लपवलंस, ते मी माफ करत नाही. मी पोट कापून घेतलंय, डोकं नाही. चुकलं तर तोंडावर सांगायचं, याच टेबलावर, सगळ्यांसमोर. माझ्या हाताला ऊब येईपर्यंत कात्री तुझी, आणि तुझा प्रत्येक मुंढा मशीनवर जायच्या आधी माझ्या टेपाखालून जाईल. पाव इंच जरी इकडचा तिकडे सापडला ना, तर या घरात कोण सासू आहे ते तुला कळेल. आता माझी खुर्ची इस्त्रीपाशी ने आणि पंखा तीनवर कर. मास्तर शिजलेत."