दोन डाव्यांचा जोडा

मी एक जुना गमबूट आहे. डाव्या पायाचा. मित्रांनो, शेवटी मिस्त्री आणि हवामान एकाच घरात राहू लागले आणि सुखाने चहा पिऊ लागले.

हे वाक्य तुम्ही वाचलेलं नाही. ते माझ्याकडून चुकून आधी सांडलं. असं काहीही झालेलं नाही. हवामान अजून गावात आलेलंच नाही, आणि मी अजून एका झाडाच्या खोडात चीक होऊन गप्प बसलो आहे. इथून सुरुवात करू.

तो चीक कारखान्यात गेला, तापला, साच्यात पडला आणि मी झालो. काळा, गुडघ्याएवढा, पिवळ्या तळव्याचा. कारखान्यात डाव्या बुटांचा एक ढीग असे आणि उजव्यांचा एक. जोड्या बांधणाऱ्या बाईने माझ्या गळ्यात दोरी अडकवली, दुसरा बूट घ्यायला हात लांब केला, आणि नेमकी तिला शिंक आली. एरवी कुठेतरी माशी शिंकते आणि काम बिघडतं. इथे बाई शिंकली आणि माझं जमलं. तिचा हात चुकीच्या ढिगात पडला आणि माझ्या शेजारी जो आला तोही डावाच होता. म्हणजे जगात कुठेतरी दोन उजव्यांचाही एक जोडा असणार. ते जिथे असतील तिथे सुखी असोत.

आम्हाला विकत घ्यायला बर्फवाला आला. तो बर्फाच्या कारखान्यात लाद्या ओढायचा, त्यामुळे त्याचे पाय कायम पाण्यात. सोबत मिस्त्री होता. मिस्त्री होड्यांची इंजिनं दुरुस्त करायचा आणि दुकानात आला की छताकडे बघत उभा राहायचा. दुकानदाराने आमची दोरी सोडली आणि कपाळाला हात लावला.

"अरे देवा, दोन्ही डावेच आलेत! ठेवा ते, परत पाठवतो. असा जोडा नसतो."

"आहे की," बर्फवाला म्हणाला. "समोर तर आहे."

"अहो, पण चालणार कसे?"

"हळूहळू," बर्फवाला म्हणाला. मिस्त्री छताकडे बघता बघता हसला.

तर अशी आमची नोकरी सुरू झाली. दोन डाव्या बुटांत चालणारा माणूस सरळ निघतो आणि शेजारच्याच्या दारात पोहोचतो. बर्फवाल्याला याचं काही वाटत नसे. तिथे जाऊन तो "काय, बरं आहे ना?" असं विचारून परत फिरत असे. त्यामुळे गावात त्याच्याइतकी माणसं जोडलेला दुसरा कोणी नव्हता. संध्याकाळी घरी आला की तो आम्हाला धुवायचा आणि दाराशी शेजारी शेजारी उभं करायचा. एकदा मिस्त्रीने लाडाने आम्हाला इंजिनाचं ग्रीस चोळलं. मित्रांनो, रबराला तेल म्हणजे विष. माझा घोटा तेव्हापासून चिकट आहे. पण माया करणाऱ्याला रसायनशास्त्र येत असेलच असं नाही.

ते दोघं धक्क्यासमोरच्या वर्कशॉपच्या मागे, एका खोलीत राहायचे. गाव त्यांना भागीदार म्हणायचं. एक बर्फ ओढतो, दुसरा इंजिनं खोलतो, यात भागीदारी कसली, हे कोणी विचारलं नाही. गावाला एक शब्द मिळाला की गाव निवांत झोपतं. फक्त बर्फवाल्याची धाकटी बहीण, जिला सगळे ताई म्हणत, ती या शब्दावर खूश नव्हती.

"दादा, मी ह्यांना हाक काय मारू?" तिने एकदा विचारलं.

"मिस्त्री म्हण. सगळे म्हणतात."

"सगळे परके आहेत. मी वहिनी म्हणू?"

"मला मिशा आहेत," मिस्त्री म्हणाला.

"मग? माझ्या चुलत सासूलाही आहेत."

विषय तिथे संपला. मिस्त्री वहिनी झाला.

पुढचं मी चटकन सांगतो. एका दुपारी बर्फवाला आमच्यातून बाहेर आला, आम्हाला दाराशी नीट उभं केलं, छातीत दुखतंय म्हणाला आणि आडवा झाला. तो परत उठला नाही.

माणसं भेटायला आली. "भागीदार गेला, फार वाईट झालं," ती म्हणत. "आता धंद्याचं कसं?" मिस्त्री म्हणे, "हं." खोली भरलेली होती आणि कोणाला कुठे बघावं ते कळत नव्हतं. तेव्हा ताई पाण्याचा पेला घेऊन सगळ्यांच्या मधून आली आणि खणखणीत आवाजात म्हणाली, "वहिनी, सकाळपासून तुम्ही पाण्याचा थेंब घेतलेला नाही. घ्या."

कोणी हसलं नाही. एकाच्या हातातून टोपी पडली. मग एक म्हातारे गृहस्थ उठले, त्यांनी आपली खुर्ची मिस्त्रीकडे सरकवली आणि स्वतः उभे राहिले. त्या दिवसापासून गावात भागीदार हा शब्द कोणी उच्चारला नाही.

मिस्त्री पाणी प्यायला. पण रडला नाही.

मित्रांनो, मी रबर आहे. मला टोचलं तरी कळत नाही, त्यामुळे बधिरपणाबद्दल मला थोडं बोलता येतं. मिस्त्री रबराचा झाला होता. तो सकाळी उठे, इंजिन खोले, इंजिन जोडे, चहा करी, चहा पिई. हातावर गरम नळी टेकली तरी तो ती सावकाश बाजूला करी, जणू दुसऱ्या कोणाचा हात आहे. आणि बोलण्यात फक्त "हं". "जेवलात का?" हं. "पंप दुरुस्त झाला का?" हं. "तुमच्या छपरावर बकरी चढली आहे." हं. बकरी दोन दिवस वर होती.

आम्हाला मात्र त्याने हलवलं नाही. जिथे बर्फवाल्याने ठेवलं तिथेच आम्ही. केर काढताना तो आमच्या भोवतीने झाडू फिरवत असे. ताई एकदा म्हणाली, "वहिनी, हे आत ठेवू का?" त्यावर तो "हं"देखील म्हणाला नाही. ताईने हात मागे घेतला.

मग हवामान आलं.

हवामान हा एक माणूस होता. गावाबाहेरच्या टेकाडावर पाऊस मोजायचं एक भांडं आणि वाऱ्याची दिशा दाखवणारा एक पत्र्याचा कोंबडा होता, त्यांची देखभाल करायला सरकारने त्याला पाठवलं होतं. पाऊस कधी येणार हे त्याला अजिबात कळत नसे. पण पडून गेल्यावर किती पडला ते तो अचूक सांगे. त्याचं खरं नाव लांब होतं, म्हणून गावाने त्याला हवामान करून टाकलं. त्यामुळे गावात अशी बोलणी चालत:

"आज हवामान कसं आहे?"

"सर्दी झालीय त्याला. झोपलंय."

टेकाडावरचा कोंबडा गंजून एकाच दिशेला अडकला होता. हवामान तो काखेत घेऊन मिस्त्रीकडे आला.

"अहो मिस्त्री, हा फिरत नाही."

"हं."

"उद्या येऊ?"

"हं."

तो उद्या आला. परवा आला. कोंबडा त्याच जागी, तसाच पडलेला. हवामान स्टुलावर बसायचा, मिस्त्रीने पुढे केलेला चहा प्यायचा आणि आपल्या मुलखाच्या गोष्टी सांगायचा. माझी आत्या माशांना घाबरते. माझ्या भावाने एकदा चुकून स्वतःच्याच लग्नाला उशीर केला. ज्याच्याबरोबर मी राहत होतो, तो एक दिवस दुसऱ्याबरोबर राहायला गेला, आणि जाताना माझी छत्री घेऊन गेला. आता सांगा, पाऊस मोजणाऱ्याची छत्री! मिस्त्री म्हणायचा, "हं." पण हळूहळू मला वाटू लागलं की स्टूल रिकामं असलं की तो पाना खाली ठेवून दाराकडे बघतो. वाटलं असेल. मी बूट आहे. माझी उंची कमी.

मग एका सकाळी मुसळधार पाऊस कोसळला. गल्लीत पोटरीभर पाणी. हवामानला टेकाडावर जाऊन भांड्यातलं पाणी मोजायचं होतं, आणि आमच्या दाराशीच त्याच्या चपलेचा अंगठा तुटला. मिस्त्री आत इंजिनात डोकं घालून होता.

"अहो मिस्त्री, हे बूट घालून जाऊ का?"

"हं," आतून आवाज आला.

मित्रांनो, तो होकार नव्हता. तो नुसता श्वास होता. पण हवामान आमच्यात शिरला.

किती दिवसांनी कोणाचे पाय आत आले! त्याचा पाय लहान होता, टाच आत नाचत होती. "अहो, हे दोन्ही डावे आहेत!" तो ओरडला, आणि तिरपा तिरपा निघाला. सवयीने मी त्याला दोन शेजाऱ्यांच्या दारात नेलं. तो दोन्हीकडे माफी मागून परत फिरला. टेकाडावर त्याने पाऊस मोजला. परतताना नाल्याच्या तोंडाशी, जिथे नाला समुद्राला मिळतो, त्याचा एक पाय गाळात रुतला. त्याने पाय ओढला. पाय आला. बूट राहिला. मग पाण्याचा एक लोट आला, आणि माझा जोडीदार आडवा झाला, पाण्याने भरला आणि गेला.

मी दुसऱ्या पायात होतो. मला काहीही करता आलं नाही.

हवामान दारात येऊन उभा राहिला. एका पायात मी, दुसरा पाय उघडा, चिखलाने माखलेला. मिस्त्री बाहेर आला. आधी त्याने दाराजवळची रिकामी जागा पाहिली. मग हवामानचे पाय.

"दुसरा कुठाय?"

"गेला."

"कुठे?"

"नैऋत्येला," हवामान म्हणाला. नोकरीची सवय.

"अरे, काय केलंस तू हे!" मिस्त्री ओरडला. त्याचा आवाज असा फुटला की शेजारची बकरी उठून उभी राहिली. "तुला कोणी सांगितलं होतं हात लावायला? कोणी सांगितलं होतं?"

अहोवरून एकदम अरेवर. मला वाटलं, आता मारामारी होणार. पण मिस्त्री अनवाणीच पावसात पळत सुटला, आणि मागून हवामान, एका बुटावर.

किनाराभर त्यांनी शोधलं. सापडल्या त्या तीन तऱ्हेच्या चपला, एक खुर्चीचा पाय आणि कोणाचीतरी दाढ. मग हवामानने लाटेतून काहीतरी उचललं आणि तो जागच्या जागी थिजला. त्याच्या हातात एक गमबूट होता. काळा, जवळजवळ नवा. उजवा.

"हा... उजवा आहे," तो चाचरत म्हणाला. "म्हणजे, आता जोडी बरोबर होईल."

मिस्त्री त्या बुटाकडे बघत राहिला. त्याच्या तोंडून एक चमत्कारिक आवाज निघाला. तो हसत होता. पोट धरून हसला, गुडघ्यांवर बसून हसला, आणि हसता हसता कधी रडायला लागला ते माझ्यासारख्या जवळून पाहणाऱ्यालाही कळलं नाही. "नको," तो म्हणत होता. "दुसऱ्या कोणाचातरी आहे तो. ठेव खाली. नको." मग म्हणाला, "मुंग्या येतायत. सगळ्या अंगाला. झोपलेला पाय जागा होतो ना, तसं."

हवामानने रडू नका म्हटलं नाही. तो शेजारी वाळूत बसला आणि त्याने मिस्त्रीचा हात हातात घेतला, अगदी सावकाश, भांड्यातलं पाणी सांडू नये तसा.

"मी त्याला ओळखत नव्हतो," तो म्हणाला. "पण त्याचे बूट घालून दोन घरी गेलो. दोन्हीकडे मला आत या म्हणाले."

उजवा बूट त्यांनी एका काठीवर अडकवून ठेवला, मालकाला लांबून दिसावा म्हणून. मग घरी येऊन मिस्त्रीने चहा केला, एक घोट घेतला आणि कप खाली ठेवला.

"चहा खारट आहे."

"हो," हवामान म्हणाला.

"मी साखरेच्या जागी मीठ घालतोय?"

"मी आल्यापासून."

"मग बोलला का नाहीस?"

"मला वाटलं, समुद्रकाठी असाच करत असतील."

पुढे ताई आली. तिने हवामानला नखशिखांत न्याहाळलं आणि म्हणाली, "वहिनी, माणूस बरा दिसतोय. पण स्वयंपाकघरात नका जाऊ देऊ, ह्याला चव कळत नाही." त्यानंतर काय झालं ते मी सांगणार नाही, कारण तसं काही झालंच नाही, हे आपलं आधीच ठरलं आहे.

मला आता दार वाऱ्याने आपटू नये म्हणून त्याला टेकवून ठेवतात. यात काही अर्थ शोधू नका. दार खरंच आपटतं. मिस्त्री रोज मला कोरड्या फडक्याने पुसतो आणि ग्रीस लावत नाही. मित्रांनो, वस्तू वापरा, जपा, आणि कोणी नुसतं "हं" म्हणालं तर तो होकार समजू नका. पुन्हा एकदा विचारा.

माझ्याकडे मात्र कोणी भेटायला आलं नाही. बुटाला दुसऱ्या बुटाच्या जाण्याचं काय, असं सर्वांना वाटलं असावं. तरी समुद्राचा कारभार ज्यांच्या अखत्यारीत येतो त्या कार्यालयास सविनय विनंती करण्यात येते की, नाल्याच्या मुखातून नैऋत्येस गेलेला एक गमबूट, रंग काळा, पाय डावा, आपल्या हद्दीत आढळल्यास तो परत पाठवू नये. मात्र तो सध्या कोणाच्या पायात आहे आणि तो पाय कोरडा आहे किंवा कसे, एवढे सवडीने, पुढील भरतीपूर्वी, अर्जदारास धक्क्यासमोरील दाराशी समक्ष येऊन कळवावे.