उतरायची जागा

बाळासोंनी गाडीच्या दाराला हात लावला आणि लगेच मागे घेतला. दाराला मूठच नव्हती. गडद निळ्या पत्र्यात त्यांना फक्त स्वतःचा चेहरा दिसला, थोडा लांबट झालेला, आणि त्यामागे कसबा बावड्याचं आभाळ. प्रसेनजीतने मागून हात पुढे करून पत्र्यावर एके ठिकाणी अंगठा दाबला. आत दडलेली मूठ अलगद वर आली.

"दादा, आधी बसायचं. मग पाय आत घ्यायचे," मुलगा म्हणाला.

बाळासो वाकले आणि बसले. पाटावर बसावं इतकी ती गाडी खाली होती. पाय आत घेण्याआधी त्यांनी चपला काढल्या, तळवे एकमेकांवर झाडले, आणि चपला कालच्या वर्तमानपत्रात गुंडाळून मांडीवर घेतल्या.

"घाला की चपला."

"असू दे. खालचा गालिचा पांढरा हाय."

प्रसेनजीत हसला. वडिलांशी वाद घालून उपयोग नसतो हे त्याला ठाऊक होतं. ते वाद घालायचेच नाहीत, नुसते गप्प राहायचे. वारणानगरच्या कॉलेजात ग्रंथपाल म्हणून त्यांची सगळी नोकरी झाली. पुस्तक महिनाभर उशिरा आणणाऱ्या पोरालाही त्यांना कधी रागावता आलं नाही. उलट पोरगं समोर उभं राहिलं की यांचेच कान लाल व्हायचे. चार दिवस मुलाकडे राहून आज ते गावी निघाले होते. एसटीने जातो म्हणून त्यांनी सकाळपासून दोनदा सांगून पाहिलं. मग, निदान फाट्यावर सोड, तिथून चालत जातो, असंही म्हणाले. प्रसेनजीतने ऐकलं नाही. शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीत स्वतःचा कारखाना उभा करून बारा वर्षं झाल्यावर त्याने ही गाडी घेतली होती, आणि तिच्यात दादांना बसवून घरापर्यंत न्यायचं हे त्याने ती घेण्याआधीच ठरवलं होतं.

दार लागलं. आदळलं नाही, नुसतं मिटलं. बाहेरचा सगळा आवाज एकदम थांबला. समोरून दुधाच्या किटल्या लावलेली मोटारसायकल गेली, कोपऱ्यावर दोन बायका हातवारे करून भांडत होत्या, आणि यातलं काही ऐकू येत नव्हतं. आत चामड्याचा वास होता. बाळासोंनी तो ओळखला. बाइंडरकडून नुकत्याच आलेल्या जाड ग्रंथांचा गठ्ठा सोडताना असाच वास यायचा. त्यांनी आसनाच्या शिवणीवरून बोट फिरवलं. टाका टाक्यासारखा होता, कुठे ओढलेला नाही, कुठे सैल नाही. कुणीतरी हे हाताने शिवलं असणार. त्या माणसाला कोल्हापूर कुठे आहे हे माहीत असायचं काही कारण नव्हतं, तरी आसन असं होतं की जणू त्याने बाळासोंच्या पाठीचं माप घेतलं होतं.

शियेच्या पुलावर पंचगंगा ओलांडली. गुऱ्हाळांचा धूर उसावर पसरला होता. महामार्गाला लागल्यावर प्रसेनजीतने पाय थोडा दाबला. इंजिनाचा आवाज वाढला, तोही खालून, खोलवरून. विहारात वंदना सुरू होताना सगळ्यांचे वेगवेगळे आवाज हळूहळू एका सुरात मिसळतात आणि जमिनीतूनच उठल्यासारखे वाटतात, तसा. रस्त्याकडेची झाडं मागे सरकू लागली, मग वाहू लागली. बाळासोंच्या हातातल्या वर्तमानपत्राचं पानसुद्धा हललं नाही. भीती वाटायला हवी होती, आणि ती वाटत नाही याचंच त्यांना भय वाटलं.

"शर्यतीची हाय का ही?" त्यांनी हळूच विचारलं.

"न्हाय, दादा. पळते शर्यतीच्या गाडीगत. पण केलीय रोज चालवायला. सकाळी कारखान्यावर जावा, येताना भाजी आणा, मनात आलं तर बेळगावला जेवून परत या. ह्या गाडीची गंमतच ती हाय."

"रोज?"

"रोज."

बाळासो त्या शब्दाशी बराच वेळ अडून राहिले. ग्रंथालयात सगळ्यात देखणी पुस्तकं काचेच्या कपाटात असायची. चित्रांचे मोठे ग्रंथ, सोनेरी अक्षरांचे कोश. ती घरी न्यायची नसत. वर्षातून एकदा काढून, पुसून, परत कुलपात. जे सुंदर ते जपून ठेवायचं आणि जे रोजचं ते झिजू द्यायचं, असाच त्यांचा समज होता. इतकी देखणी वस्तू कुणी रोज वापरण्यासाठी करावी, या गोष्टीने ते वेगापेक्षाही अधिक थक्क झाले.

वाठारला गाडी डावीकडे वळली आणि वेग संपला. पुढे उसाच्या ट्रॉल्यांची रांग होती. ट्रॅक्टरवरची पोरं माना मागे वळवून गाडीकडे बघत होती. एकाने तर गाण्याचा आवाजही कमी केला. कोडोलीच्या अलीकडे त्यांच्या गावाचा फाटा लागला, तसे बाळासो आसनात जरा पुढे सरकले.

"मागच्या वाटेनं घेतोस का? ओढ्याकडनं?"

"तिकडं चाकोऱ्या पडल्यात, दादा. गाडीचं पोट टेकंल."

त्यांनी मान डोलावली आणि मांडीवरचं पुडकं घट्ट धरलं.

गावातला डांबरी रस्ता एकच, आणि तो वरच्या आळीतल्या हंबीररावांच्या दारातून पुढे बाळासोंच्या वस्तीकडे जायचा. बाळासोंना पहिली सायकल मिळाली तेव्हा हंबीररावांचे वडील हयात होते आणि सकाळभर दारातल्या कट्ट्यावर बसून असायचे. जुनीच सायकल, पण पंधरा वर्षांच्या बाळासोला ती हवेत उचलून नेत होती. त्या दारासमोर आला, तसं कट्ट्यावर कुणीतरी खाकरलं. एवढंच. शब्द एकही नाही. पण शेजारून चालणाऱ्या बापाने हँडल धरलं आणि खालच्या आवाजात म्हटलं, "उतर." वस्तीतल्या बायका तिथं चपला हातात घ्यायच्या. थोरली बहीण, आक्का, मागून येत होती. तिच्या हातात तिच्या चपला होत्या. बाळासो उतरला.

पुढे सगळं बदललं. कट्ट्यावरचा म्हातारा गेला. वस्तीने धम्म घेतला, विहार बांधला. हंबीरराव स्वतः बाळासोंच्या घरी येऊन चहा पिऊ लागले, सोसायटीचे अर्ज लिहून घेऊ लागले. आता कुणी खाकरत नव्हतं. बाळासोंचे पाय मात्र ऐकत नसत. आज उतरायचं नाही, असं ठरवून ते निघायचे, आणि दार दिसायला लागलं की सायकलची चेन पडल्यासारखं करून खाली उतरायचे. मग एका हंगामात उसाच्या ट्रॉलीने हंबीररावांची म्हैस मारली, आणि हंबीररावांनी स्लॅबचं उरलेलं काँक्रीट ओतून दारासमोर बांधाएवढा उंच गतिरोधक उभा केला. सगळं गाव त्याला शिव्या घालत होतं. बाळासो एकटे मनातल्या मनात त्याचे उपकार मानत होते. सायकल जाऊन लुना आली होती, आणि तिच्यावरून उतरायला आता कारण होतं. उतरावं लागतं, त्यात काही नाही. ही गोष्ट त्यांनी बायकोला सांगितली नव्हती, मुलाला तर नाहीच.

गाडीने गतिरोधकाला नाक लावलं आणि खालून बारीक खरखर झाली. प्रसेनजीतने तिथेच थांबवून गाडी थोडी मागे घेतली, तिरकी केली, पुन्हा पुढे आणली. पुन्हा खरखर.

कट्ट्यावरून हंबीरराव उठले. म्हशीच्या पेंडीचे हात धोतराला पुसत गाडीभोवती एक फेरी मारून आले.

"काय पावणं, विमान वाट चुकलं काय?" ते प्रसेनजीतच्या काचेपाशी म्हणाले. "मागं दोन पोती पेंड बसत्यात का ह्येच्यात?"

"बसवू की, काका. रोजच्या वापराचीच हाय."

"मग उद्यापासनं डेअरीला दूध घालाय ह्यो घोडाच द्या मला." हंबीरराव हसले. पण हसताना त्यांचा हात टपावर गेला आणि म्हशीच्या पाठीवरून फिरवावा तसा सावकाश फिरला. नजर हटत नव्हती.

प्रसेनजीत खाली उतरून वाकला, उंची बघितली आणि वडिलांच्या बाजूला आला. त्याने दार उघडलं.

"दादा, बोटभरच कमी पडतंय. वजन कमी झालं की निघंल. जरा उतरा."

बाळासो हलले नाहीत.

"पलीकडं लगेच बसा परत. चार पावलांचं तर काम हाय. तुम्ही तर लुनावरनंसुद्धा इथं उतरता की."

त्यात काही खोटं नव्हतं. पोरगं बोलतंय ते बरोबर आहे, महागाची वस्तू आहे, आपल्यामुळे ओरखडा पडेल, हे सगळं बाळासोंना कळत होतं. उजवा पाय उचललासुद्धा गेला. अनवाणी पाय, दारापर्यंत आलेला. मग त्यांनी तो परत आत घेतला.

"मी उतरत न्हाय," ते म्हणाले. आवाज इतका बारीक होता की प्रसेनजीतला वाकावं लागलं.

"गुडघा दुखतोय का?"

"न्हाय. मला हितं उतरायचं न्हाय."

प्रसेनजीत दार धरून उभा राहिला. वडिलांनी स्वतःसाठी असा नकार दिलेला त्याने कधी ऐकला नव्हता. काय करावं हे न कळून त्याने हंबीररावांकडे पाहिलं.

"अवो बाळासो, उतरा की जरा," हंबीरराव सहज म्हणाले. "पोरगं म्हणतंय तर—"

आणि ते मध्येच थांबले. बाळासो समोर बघत होते, पुडकं छातीशी धरून. वर्तमानपत्रातून चपलेचा अंगठा बाहेर आला होता. हंबीररावांनी तो पाहिला. त्या सकाळी वडील कट्ट्यावरून खाकरले, तेव्हा त्यांच्या शेजारी बसलेलं पोरगं म्हणजे हंबीररावच होते. गोठ्यात म्हशीची साखळी वाजली.

हंबीरराव वळले आणि गोठ्याकडे गेले. परत आले ते रेडकं टेम्पोत चढवायच्या दोन जाड फळ्या ओढत. प्रसेनजीत धरायला पुढे झाला, तर त्यांनी त्याला मानेनेच बाजूला केलं. पहिली फळी एका चाकापुढे टाकली. दुसरी बाळासोंच्या बाजूच्या चाकापुढे लावायला ते गुडघे धरत खाली बसले. गाडी इतकी बुटकी की खाली बसलेल्या हंबीररावांचा चेहरा आणि आत बसलेल्या बाळासोंचा चेहरा समोरासमोर आले. टोपी सरकली होती. कपाळावर शेणाचा एक शिंतोडा होता.

"बसा," हंबीरराव म्हणाले. मग फळी हलवून बघत पुन्हा, "बसाच तुम्ही."

गाडी फळ्यांवर चढली. नाक वर उचललं, क्षणभर समोर नुसतं आभाळ राहिलं, आणि मग ती तशीच हळू पलीकडे उतरली. खरखर झाली नाही. बाळासोंच्या अंगाला धक्काही जाणवला नाही.

प्रसेनजीतने गाडी घरापुढच्या अंगणात आणून उभी केली.

आक्का उंबऱ्यावर गहू निवडत बसली होती. सूप बाजूला ठेवून ती आली, गाडीच्या काचेला नाक लावून आत डोकावली, आणि एवढ्या मोठ्या गाडीला दारं दोनच कशी म्हणून तिने भाच्याला फैलावर घेतलं. दोन दारं केली, का उरलेली दोन त्याच्या बायकोनं, सोनमनं, माहेरी नेली, असं विचारलं. प्रसेनजीत हसला. मग आक्काने रस्त्याकडे पाहिलं.

"कुठनं आणलीस?"

"हंबीररावकाकांच्या दारातनं. दुसरी वाट कुठं हाय?"

"बाळू उतरला?"

ती भाच्याला विचारत होती, पण बघत होती भावाकडे. प्रसेनजीतनेही वडिलांकडे पाहिलं. ते अंगणात अनवाणीच उभे होते, हातात पुडकं तसंच.

"न्हाय," बाळासो म्हणाले.

आक्काने पदराला हात पुसले, पुन्हा एकदा पुसले, आणि ती घरात गेली. बाहेर आली तेव्हा अंगावर धुतलेलं लुगडं होतं.

"मला बशीव," ती म्हणाली. "एक चक्कर मार. तिकडनंच."

"चल की, आक्का. फळ्या काढू नका म्हणून सांगतो काकांना."

दाराशी कोपऱ्यात तिच्या चपला होत्या. तिने त्या पायाने सरळ केल्या, एकेक करून घातल्या आणि गाडीशी आली. गालिचा पाहून प्रसेनजीतचे डोळे नकळत खाली गेले. मग वडिलांच्या हातातल्या पुडक्याकडे. मग पुन्हा आक्काच्या पायांकडे.

"काढू व्हय?" आक्काने विचारलं.

"न्हाय, आक्का," तो म्हणाला. "घातलेल्याच असू देत."

बाळासो मागच्या अरुंद जागेत शिरले. गुडघे छातीला लागले. पुढे, दोन आसनांच्या फटीतून, त्यांना पांढऱ्या गालिच्यावर टेकलेले बहिणीचे पाय दिसत होते. गाडी सुरू झाली आणि तो खोल सूर पुन्हा जमिनीतून उठला. त्यांनी मांडीवरचं वर्तमानपत्र हळूहळू उलगडायला घेतलं.