तिसऱ्या ओळीनंतरच्या दोन मात्रा

मास्तर प्रार्थनामंदिरात चाळीस वर्षे पायपेटी वाजवत आले होते. त्यामुळे ड्रमबद्दल त्यांचे मत काय असेल, हे विचारण्याची कोणाला गरजच वाटली नाही. पण त्यांच्या लेकीने मंडळीच्या सात जुन्या गीतांचा रॉक अल्बम करायला घेतला आणि मंदिरामागच्या सभागृहात, खिडक्यांना गाद्या टेकवून, ध्वनिमुद्रण सुरू झाले, तेव्हा मास्तर रोज कोपऱ्यातली खुर्ची धरून बसू लागले. ते चुका काढायला येतात, असा सर्वांचा समज होता. वस्तुतः त्यांना कुतूहलाने पछाडले होते. एकच ओळ अकरा वेळा गाऊन बाराव्या खेपेस असे काय गवसते?

चौथ्या दिवशी त्यांनी कान टवकारले. तिसरी ओळ संपली आणि सगळी वाद्ये एकदम गप्प झाली. दोन मात्रा. मग चौथी ओळ कोसळली.

"इथे का थांबलात?"

"बाबा, इथे थांबतातच!" लेक म्हणाली. "लहानपणापासून असंच गातोय."

ड्रमवाला, ज्याला सगळे धडाम म्हणत, काठ्या फिरवत म्हणाला, "मला मोकळी जागा बघवत नाही. मास्तर, तिथे एक दणका घालू?"

"घाल," मास्तर इतक्या घाईने म्हणाले की लेकीने वळून पाहिले.

प्रती काढण्याआधी अल्बम मंडळीच्या पंचांना ऐकवायचा होता. त्यांनी तो उपासनेत वाजवू द्यायला नकार दिला, तर आपण यापुढे दुसऱ्या मंडळीत गाऊ, असे लेकीने जेवताना शांतपणे सांगून टाकले होते. मास्तर ताट तसेच ठेवून उठले.

सभेत पंचांच्या प्रमुखबाईंनी डोळे मिटून सगळा अल्बम ऐकला.

"गिटार चालेल. तुझं ते किंचाळणंही सोसू, बाळ. पण तिसऱ्या ओळीनंतर दणका? तिथे आपली मंडळी पिढ्यान्‌पिढ्या मौन प्रार्थना करते. हा अल्बम उपासनेत नको."

लेकीचा चेहरा उतरला. मास्तर उठले.

"दोष तिचा नाही, दणका मी घालायला लावला. आणि पिढ्या कसल्या? पस्तीस वर्षांपूर्वी पेटीच्या भात्याला चीर पडली. तिसऱ्या ओळीशी हवा संपायची. मी पाय मारून भाता भरेपर्यंत मंडळी थांबायची. पुढे कातडं लावून मी चीर बुजवली, पण तोवर तुम्हांला थांबायची सवय लागली होती. खरं सांगायची मला लाज वाटली."



"म्हणजे आम्ही भात्यासाठी प्रार्थना करत होतो?" खजिनदार म्हणाले. "मी तर तेवढ्यात चष्मा पुसतो."

हशा पिकला. प्रमुखबाई मात्र हसल्या नाहीत.

"माझा धाकटा दवाखान्यात होता, तेव्हा मी त्याच दोन मात्रांत त्याला मागून घेतलं. चीर तुमच्या पेटीची असेल, मास्तर. ती जागा आता एकट्या तुमची नाही."

हयातभर वाद घालत आलेले मास्तर खाली बसले. 

"दणका काढते," लेक म्हणाली. "मग चालेल?"

"वाजव," प्रमुखबाई म्हणाल्या. "आणि तूही ये. नुसता अल्बम पाठवू नकोस."

रविवारी पायपेटी झाकलेली होती. मास्तर प्रथमच मंडळीत बसले. गिटार विव्हळली, मंडळी आधी बिचकली, मग चाचरत गाऊ लागली. तिसरी ओळ संपली आणि सगळे थांबले. कोणीतरी पान उलटले. खजिनदारांचा चष्मा निघाला. मागे धडामने महत्प्रयासाने दोन्ही हात काखेत दाबून धरले होते.

इतकी वर्षे या दोन मात्रांत मास्तरांचे पाय चालत असत. आज ते स्वस्थ होते. इथे काय मागावे? ठरवण्याआधीच चौथी ओळ धडाडत आली.

दुसऱ्या कडव्याची तिसरी ओळ जवळ आली, तेव्हा मास्तर बाकाच्या अगदी कडेला येऊन बसले होते.