सिग्नलमध्ये बिघाड

माझ्या सिग्नलने तेवीस वर्षांत एकदाही दगा दिला नाही. हे आधीच सांगून ठेवतो, कारण गावात विचाराल तर उलटंच ऐकाल.

आमचं स्टेशन बांधलं ते माणसांसाठी नव्हेच, खाणीतल्या दगडासाठी. खाण संपली, दगडाच्या वाघिणी गेल्या, मागे राहिले एक फलाट, एक बाक, एक नळ, मास्तर आणि मी. सिग्नल पाडायचा म्हणजे गाडी सुटते, उचलायचा म्हणजे थांबते, हे माझं काम. पूर्वी चार गाड्या थांबायच्या, मग दोन. शेवटी सकाळी आठची तेवढी उरली, संध्याकाळी तीच परतायची. दुसरं वाहन गावाला नाही. माझी मुलगी त्याच गाडीने शहरात नर्सिंग शिकायला जायची. शेवटचं वर्ष होतं.

मास्तर मऊ माणूस. कोणी धावत येताना दिसलं की गाडी सोडायचेच नाहीत. "थांब रे, शिंपीणबाई येतायत." सगळ्यांत जास्त वेळा थांबली ती माझ्याच पोरीसाठी. पण उशिराचं कारण वहीत लिहावं लागतं. खरं लिहिलं तर मास्तरांची खरडपट्टी निघणार, म्हणून ते लिहायचे, 'सिग्नलमध्ये बिघाड'. मी कुरकुरलो की म्हणायचे, "अरे, लोखंडाला कोण शिक्षा करतंय?" मीही गप्प बसायचो. पोरीची गाडी चुकत नव्हती ना, मग मला कशाला कंठ फुटतोय.

एक दिवस ती वही घेऊन वरचे साहेब आले. मास्तरांच्या खोलीत दार लावून आम्हा दोघांना म्हणाले, "इतक्यांदा बिघडणारा सिग्नल दुरुस्त करत बसण्यापेक्षा थांबाच रद्द करतो. धड असेल तर दाखवा, राहू दे थांबा."

मी त्यांच्यासमोर दहा वेळा सिग्नल पाडून दाखवला. दहाही वेळा चोख.

"मग गाडीला उशीर कशाने होतो?" साहेबांनी विचारलं.

मी मास्तरांकडे पाहिलं. त्यांच्या निवृत्तीला चार महिने होते. ते चष्मा पुसत बसले. माझ्या डोक्यात तिडीक गेली. म्हटलं, "साहेब, गाडी माणसांसाठी थांबते. बाहेर माणसं आहेत, त्यांनाच विचारा."

खोलीतलं बोलणं बाहेर कोणी ऐकलं नव्हतं. लोकांना एवढंच कळलं, की साहेब आलेत आणि मास्तर अडचणीत आहेत.

"छे हो," शिंपीण म्हणाली. "आमच्यासाठी कोण गाडी थांबवतंय? सिग्नलच पडत नाही."

"रोजचंच रडगाणं आहे त्या सिग्नलचं," दूधवाला म्हणाला.

मी पोरीकडे पाहिलं. म्हटलं, निदान ही तरी खरं बोलेल. ती पुढे झाली, अगदी नम्रपणे म्हणाली, "सिग्नल अडकतो, साहेब. बाबांना ते कबूल करवत नाही, एवढंच."

पंधरा दिवसांत थांबा रद्द झाला. कारणासकट कागद फलाटावर चिकटवला. ज्याला त्याला खरं सांगत फिरलो, कोणी ऐकलं नाही. माझ्या हलगर्जीपणाने गाडी गेली, हेच गावाच्या तोंडी बसलं. शहरात खोली घेऊन राहणं पोरीला जमण्यातलं नव्हतं.

मास्तरांच्या निरोपाला सगळं गाव लोटलं. भाषण करायला माझ्या पोरीला उभं केलं. "मास्तरांनी गाडी थांबवली नसती, तर माझं शिक्षण झालंच नसतं," ती म्हणाली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. कॉलेज अर्धवट सुटून तिला तेव्हा तीन महिने झाले होते.